चकतीशेठ आणि हिरवा ठिपका

चकतीशेठ हे काही त्यांचं जन्मनाव नव्हे. पण जन्मनाव आता फक्त विजेच्या बिलावर येतं, आणि बिलाला हाक मारायची सवय नसते. किल्ल्या बनवणाऱ्याच्या वर, पहिल्या मजल्यावर त्यांचं कॉम्प्युटर गेमच्या डिस्कचं दुकान. जिना इतका अरुंद की वरून उतरणारा आणि खालून चढणारा भेटले, तर दोघांपैकी एकाला परत फिरावं लागे. शेठच्या मते यामुळे गिऱ्हाइकांत ओळखी वाढत.

दुकानात शिरलं की समोरच पाटी होती: ‘हातात येतं तेच आपलं.’ अक्षर त्यांचंच. खाली बारीक अक्षरात ‘फुटलेली डिस्क परत घेतली जाणार नाही’ असंही लिहिलेलं होतं. सिद्धान्त म्हटला की पोटनियम आलेच.

डिस्क हातात घ्यायची त्यांची एक रीत होती. मधल्या भोकात बोट घालून ती ट्यूबलाइटखाली धरायची, जराशी कलती करायची, आणि एक डोळा मिटायचा. मग निदान. “हा ओरखडा गोल आहे. गेमचं मशीन चालू असताना कोणीतरी ते हलवलंय.” किंवा, “हा आतून बाहेर गेलाय. डिस्क कोऱ्या फडक्याऐवजी शर्टानं पुसली. घाबरू नका, डिस्क वाचेल.” मग मागच्या खोलीत डिस्क घासायचं यंत्र घरघरे, आणि शेठ ती चकचकीत करून अशा काही चेहऱ्यानं आणून देत, जणू बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

ही झाली कारागिरी. पण शेठची खरी ख्याती प्रवचनाची. कोणी नुसतं ‘डाउनलोड’ म्हणायचा अवकाश.

“डाउनलोडचा गेम म्हणजे भाड्याची खोली,” ते म्हणत. “भिंतीला खिळा मारायचा तरी मालकाला विचारा. तुम्ही पूर्ण किंमत मोजता, आणि ते काय देतात? खेळायची परवानगी. उद्या सर्व्हर बंद केला की परवानगी गेली. डिस्क तशी नाही. ती बापानं मुलाला द्यावी, एका मित्रानं दुसऱ्याकडून न्यावी आणि परत करू नये. डाउनलोड साधा उसना तरी देता येतो का? आणि माझ्या एका मित्राचं सांगतो…”

या मित्राची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. मित्रानं मोटारींच्या शर्यतीचा एक गेम डाउनलोड करून घेतला. रोज खेळला, गाड्या जमवल्या, त्यांना रंग दिले. एक दिवस कंपनीची सूचना आली की सर्व्हर बंद होत आहे, आजवरच्या सोबतीबद्दल आभार. गाड्या गेल्या, रंग गेले, आभार तेवढे राहिले. शेठ हे इतक्या कळवळ्यानं सांगत की ऐकणाऱ्याला वाटे, मैत्री असावी तर अशी.

रुग्णालयात एक्स-रे काढणाऱ्या एक ताई नेमानं यायच्या. उंच, सावकाश बोलणाऱ्या, चेहऱ्यावर कधी काही न दाखवणाऱ्या. त्या एवढंच म्हणायच्या, “डिस्क घातली तरी हल्ली अर्धा गेम डाउनलोडच होतो की, शेठ.”

“अर्धा तरी आपला ना!” शेठ म्हणायचे.

“हो, तेही आहे. तुमचे मित्र बरे आहेत ना?”

“आहे, बरा आहे.”

“विचारलंय म्हणून सांगा,” म्हणत त्या नवी डिस्क घेऊन जायच्या.

आता खरी गोष्ट सांगायची, तर तो मित्र म्हणजे शेठ स्वतः.

झालं होतं असं, की दोन वर्षांमागे त्यांच्या घरच्या मशीननं डिस्क वाचणं सोडलं. डिस्क आत घातली की गरगर आवाज, मग क्षणभर विचार, आणि मग जीभ काढावी तशी डिस्क बाहेर. गावभरच्या डिस्का बऱ्या करणारा माणूस, पण घरच्या यंत्राचा भाग कुठे मिळेना. दुकानातलं मशीन घरी न्यावं तर दुकान काय दाखवणार? मग एके दुपारी, केवळ शत्रूची तयारी पाहावी म्हणून, शेठनी डाउनलोडच्या सेवेवर खातं उघडलं. घरफोडी करणाराही पहिल्यांदा नुसतं बघायलाच जातो.

आत गेल्यावर मात्र त्यांचे डोळे दिपले. विशीत खेळलेला आणि आता कुठल्याही फळीवर न सापडणारा गेम तिथे होता. सवलतीच्या आठवड्यात दुकानातल्या डिस्कच्या चतुर्थांश भावात अख्खी मालिका. आणि उठायला नको. एक गेम संपवून दुसरा लावायचा, तर सोफ्यावरून पायसुद्धा खाली ठेवायला नको. शर्यतीचा गेम बुडाला, तेव्हा हा धडा मिळाला असं शेठ स्वतःला म्हणाले, आणि दुःख विसरायला म्हणून त्यांनी आणखी दोन घेतले.

खात्याला त्यांनी नाव घेतलं ‘काळा गरुड’. शेठना पोट होतं, चष्मा होता, आणि उंचीची भीती होती. म्हणजे नावावरून कोणी ओळखणं अशक्यच. खातं उघडताना सेवेनं बरंच काही विचारलं: हे चालेल का, ते दाखवू का, फोनमधल्या ओळखींना कळवू का. शेठनी सगळ्याला ‘हो’ केलं. लग्नाच्या वेळीसुद्धा ते इतक्या चटकन हो म्हणाले नव्हते, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं आहे.

तेव्हापासून त्यांचा दिवस असा जाऊ लागला. सकाळी दुकान. दुपारी ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी लावून घर. जेवण भराभर, आणि मग काळा गरुड. सुट्टी कधी तासाची असे, कधी दोन तासांची, एखादा राक्षस चिवट निघाला तर तीन. गंमत म्हणजे, शेठ कधीही परतोत, शटर वर करून ते खुर्चीत टेकेपर्यंत जिन्यात पावलं वाजायचीच. याचा त्यांना फार अभिमान होता. “गिऱ्हाइकाला कळतं,” ते खालच्या किल्लीवाल्याला सांगत. “दुकानाची एक ओढ असते.”

किल्लीवाला कानस घासत हसायचा. त्याच्या हसण्याचा अर्थ शेठना पुष्कळ उशिरा लागला.

आता टेलरमास्तर. शेठच्या गिऱ्हाइकांत वयानं सर्वांत मोठे. एक गुडघा धरलेला, त्यामुळे तो अरुंद जिना ते खेकड्यासारखे आडवे चढायचे, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. बायको लवकर गेली. मुलीला एकट्यानं वाढवलं, आणि ती परदेशी नोकरीला गेली तेव्हा तिचं गेमचं मशीन घरी राहिलं. पूर्वी बापलेक शेजारी बसून खेळायचे. ती उड्या मारायची, मास्तर दरीत पडायचे. “पोरगी दर वेळी मला वर काढायला मागे यायची,” ते सांगत. “एकटी असती तर कधीच पोचली असती.”

गेल्या वर्षी मास्तर तसेच आडवे चढून आले आणि त्यांनी फोन पुढे केला. मुलीनं एक गेम भेट पाठवला होता, डाउनलोडचा. दोन घरांतून दोघांना खेळता येईल असा. खाली दोन चौकोन: स्वीकारा, नाकारा.

“काय करू?” मास्तरांनी विचारलं. “मला यातलं काही कळत नाही. तुम्ही म्हणाल तसं.”

दुकानात तेव्हा चार माणसं होती, समोर पाटी होती, आणि शेठ रंगात होते. त्यांनी भाड्याच्या खोलीचं सांगितलं, खिळ्याचं सांगितलं, मित्राचं सांगितलं. “पोरीला म्हणावं, पाठवायची तर डिस्क पाठव. हातात येतं तेच आपलं.”

“म्हणजे नको म्हणू?”

“थांबा, मीच करतो,” शेठ म्हणाले, आणि ज्या बोटात डिस्क अडकवायचे, त्याच बोटानं त्यांनी ‘नाकारा’ दाबलं. मग फळीवरून एक चांगली, एकट्यानं खेळायची डिस्क काढून दिली. मास्तर समाधानानं आडवे उतरून गेले. दुपार होत आली होती. शेठ घरी गेले आणि काळा गरुड होऊन बसले. त्या वेळी त्यांना काही वाटलं नाही, हे नंतर त्यांना सर्वांत जास्त लागलं.

एके दिवशी एक्स-रेवाल्या ताई मोठी पिशवी घेऊन आल्या. त्यांची दुसऱ्या शहरात बदली झाली होती आणि नवी जागा लहान होती.

“हे सगळं तुम्हालाच परत,” त्या म्हणाल्या. “विकून टाका.”

शेठनी सवयीनं पहिली डबी उघडून डिस्क ट्यूबलाइटखाली धरायला हात घातला. डबी उघडेना. पाहतात तो वरचं प्लास्टिक तसंच. दुसरी काढली. तीही तशीच. पिशवीत दोन वर्षांच्या डिस्का होत्या, आणि एकीलाही नख लागलेलं नव्हतं.

“या उघडल्याच नाहीत?”

“नाही.”

“मग खेळलात कशा? मागच्याच महिन्यात तुम्ही म्हणालात, शेवट फार आवडला.”

“डाउनलोड करून. दिवसभर उभी असते हो मी. घरी गेल्यावर डिस्क बदलायला कोण उठणार?”

शेठचा आवाज बारीक झाला. “मग घेतल्यात कशाला?”

ताईंनी दुकानाकडे एकदा पाहून घेतलं. “तुमचं दुकान छान आहे,” त्या म्हणाल्या. आणि पिशवीची घडी घालता घालता पुढे म्हणाल्या, “तुमच्या मित्राला एक निरोप द्या. पुलावरून सरळ जाऊन तो राक्षस मरत नाही. पुलाच्या अलीकडे डाव्या हाताला भुयार आहे. आठवडा झाला, तिथेच अडकलेत ते.”

“कुठला मित्र?”

“काळा गरुड.”

बोलण्यासारखी अनेक वाक्यं शेठना सुचली, पण त्या सगळ्यांत मित्र येत होता.

“तुम्ही खातं उघडलंत त्याच दिवशी कळलं,” ताई ज्या आवाजात ‘श्वास रोखा’ म्हणत असतील त्याच आवाजात म्हणाल्या. “फोनवर सूचना आली. तुमच्या ओळखीचे चकतीशेठ इथे ‘काळा गरुड’ या नावानं आले आहेत. तुम्ही ओळखींना कळवायला हो म्हटलं असणार.”

“म्हणजे तुम्हाला…”

“तुमच्या फोनमध्ये ज्यांचे नंबर आहेत आणि ज्यांचं तिथे खातं आहे, त्या सगळ्यांना.”

शेठच्या फोनमध्ये कोणाचे नंबर होते? नवीन माल आला की कळवायला म्हणून त्यांनी गेल्या दहा-बारा वर्षांत एकेक गिऱ्हाइक स्वतःच्या हातानं त्यात घातलं होतं. नातेवाईक थोडे, बाकी अख्खं दुकान.

“कोणी कधी बोललं नाही,” ते म्हणाले.

“काय बोलणार? तुम्ही इतकं मनापासून सांगत होतात. शिवाय सोय होती. नावापुढे हिरवा ठिपका असला म्हणजे शेठ घरी खेळतायत. कुठला गेम, कुठवर पोचलात, तेही दिसतं. तो विझला की आम्ही निघायचो. उगाच बंद दुकानाचा जिना कशाला चढा? मी तर किल्लीवाल्यालाही दाखवलं होतं.”

ओढ म्हणतात ती ही. शेठनी खुर्ची शोधली आणि ते बसले. मग त्यांच्या मनात एक माणूस आला.

“टेलरमास्तरांना पण?”

“त्यांना कसं कळणार? त्यांचं खातं कुठे आहे? तुम्हीच नको म्हणालात ना.” ताई दाराशी थांबल्या. “गुडघ्याचा फोटो काढायला आले होते. हलू नका म्हटलं तरी तुमची पाटी म्हणून दाखवत होते. मुलगी हल्ली फोनवर फार बोलत नाही म्हणाले. जेवलात का, हो, मग ठेवते. एवढंच.”

जिन्यात त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाली तरी शेठ हातातल्या कोऱ्या डबीकडे बघत होते. अख्ख्या गावात त्यांच्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस उरला होता, आणि त्याचंच त्यांनी नुकसान केलं होतं.

घरी गेल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते खातं मिटवायचं. सेवेनं नम्रपणे विचारलं: खातं मिटवलं की तुमचे सर्व गेम जातील, ते परत मिळणार नाहीत, विकता किंवा कोणाला देता येणार नाहीत, मिटवू? प्रवचनातलं शब्द न् शब्द खरं होतं. सांगणाराच तेवढा खोटा होता. त्यांचं बोट हवेतच राहिलं.

“तुला माहीत होतं, लोकांना कळलंय ते?” त्यांनी बायकोला विचारलं. ती दाताच्या दवाखान्यात रुग्णांना वेळा देण्याचं काम करायची, त्यामुळे समोरचा कळवळत असताना शांत राहायची तिला सवय होती.

“अहो, पत्त्यांच्या खेळापुरतं माझंही खातं आहे तिथे, मलाही आली होती ती सूचना. मी वाचलं, काळा गरुड. वर बघितलं तर गरुड सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपला होता.”

“मग सांगायचं नाही का?”

“मांजर डोळे मिटून दूध पितं तेव्हा त्याला कोणी सांगतं का, की बाबा रे दिसतंय?” मग त्यांचा चेहरा पाहून तिनं हातातलं काम ठेवलं. “लोक हसले असतील, विसरतील. मास्तरांचं मात्र तुम्ही वाईट केलंत.”

“जाऊ का त्यांच्याकडे?”

“मला विचारताय म्हणजे जायचं नाहीये तुम्हाला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ गेले. रिकाम्या हातानं जायचं धैर्य नव्हतं म्हणून लांबी कमी करायला एक पँट घेतली. मास्तरांची खोली म्हणजे पुढे दुकान, मागे घर, मध्ये पडदा. कापायच्या टेबलावर खडूच्या रेघा, इस्त्रीचा करपट वास, खांद्यावर फीत. कोपऱ्यात टीव्ही, आणि त्याखाली मुलीचं मशीन. त्यावर कापड घातलेलं होतं, चांगलं कडा शिवलेलं, त्या मशीनच्याच मापाचं.

“या या, शेठ! तुम्ही कशाला आलात, मीच आलो असतो.”

“त्या गुडघ्यानं?”

“गुडघा काय, तो असतोच.” मास्तरांनी पँट उलटी करून शिवण पाहिली. “ही लांब नाहीये.”

“नाही,” शेठ म्हणाले. “मास्तर, तुमच्या मुलीनं तो गेम पाठवला होता ना…”

“तो? तो परत पाठवला की आपण. तुमच्यामुळे वाचलो.”

इथे सांगायचं असं शेठ वाटेत ठरवून आले होते. वाक्य तयार होतं. पण ‘तुमच्यामुळे वाचलो’ च्या पुढे ते वाक्य काही तोंडातून निघेना. तेव्हा ते म्हणाले, “मी तुमचं खातं उघडून देतो. माझं जरा चुकलंच तेव्हा.”

“तुमचं?” मास्तर हसले. पण फोन त्यांनी दिला. तेव्हाही असाच दिला होता.

शेठ एकेक प्रश्न भरत गेले. या वेळी प्रत्येक अक्षर वाचत होते. मास्तर बाजूला येऊन उभे राहिले. मग ती ओळ आली: फोनमधल्या ओळखीच्या माणसांना शोधू का? खाली दोन चौकोन.

“काय विचारतंय?”

‘नाही’ दाबलं असतं तर काही बिघडलं नसतं. मुलीचं नाव वेगळं घालता आलं असतं, खातं झालं असतं, आणि उद्यापासून पुन्हा एक माणूस त्यांना मानणारा राहिला असता. शेठनी फोन मास्तरांच्या बाजूला कलता केला, डिस्क करायचे तसा, आणि ‘हो’ दाबलं.

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. ते छापील मजकूर मोठ्यानं वाचायचे, एकेक शब्द सुटा करून. “तुमच्या… ओळखीचे… चकतीशेठ… इथे… काळा गरुड… या नावानं आहेत.” ते थांबले. “सदस्य… दोन वर्षांपासून.”

शेठ टेबलावरच्या खडूच्या रेघा बघत होते.

“हे तुम्ही?”

“हो.”

“म्हणजे पोरीनं पाठवला तेव्हा…”

“तेव्हाही.”

“आणि तो मित्र?”

“मीच.”

मास्तरांनी खांद्यावरची फीत काढली, तिची गुंडाळी केली, पुन्हा सोडली. “मी तिला हसलो होतो, शेठ,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर शेठना बरं वाटलं असतं. “फोनवर. म्हटलं, शिकलीस एवढी आणि कोणी तुला हवा विकली बघ. ती म्हणाली, बरं बाबा.”

शेठच्या नावाखाली दुसरं नाव होतं. मुलीचं. शेजारी हिरवा ठिपका.

“हा ठिपका कशाचा?”

“ती आत्ता खेळतेय.”

“काय खेळतेय?”

शेठनी पाहिलं. “तोच. तिनं पाठवलेला.”

“एकटी?”

खोटं बोलायला हा फार सोपा प्रश्न होता. “नाही,” शेठ म्हणाले. “दुसरं कोणीतरी आहे जोडीला.”

मास्तरांनी चष्म्याची काच शर्टानं पुसली आणि परत त्या ठिपक्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “तिला मी आलोय ते कसं कळवायचं?”

“तिला कळलं असेल. सूचना गेली असेल आपोआप.”

तेवढ्यात खरंच फोन वाजला. मास्तरांनी तो शेठच्या हातातून काढून घेतला. ओढून नव्हे, कापडातून टाचणी काढतात तसा. “तुम्ही जा आता,” ते म्हणाले.

एरवी ते दारापर्यंत यायचे आणि ‘सावकाश जा’ म्हणायचे. शेठ बाहेर पडले तेव्हा मागून त्यांचा मोठा आवाज येत होता, लांबच्या माणसाशी बोलताना चढतो तसा. “हो, मीच… नाही गं, मी नव्हतं नाकारलं…” याच्या पुढे आपलं नाव येणार हे शेठना कळत होतं, आणि ते ऐकायला थांबण्याची त्यांची छाती झाली नाही. पँट आतच राहिली होती.

त्या दुपारी ते घरी गेले नाहीत. तडक दुकानात आले, शटर वर केलं, खुर्चीत बसले. समोर पाटी होती. ती उतरवली तर भिंतीवर कोरा चौकोन दिसणार, आणि ठेवली तर ती वाचावी लागणार. शेवटी त्यांनी ती काढून ताईंच्या कोऱ्या डब्यांच्या मागे, फळीवर, भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग एक जुनी डिस्क उगाच बोटात घालून ट्यूबलाइटखाली धरली, आणि जिन्याकडे कान देऊन बसले.

कोणी आलं नाही. काळा गरुड त्या दुपारी खेळला नव्हता. ठिपका लागलाच नव्हता, तर विझणार कुठून? दुकान उघडलंय हे कोणालाच कळलं नव्हतं.